फौजेत जाऊन आलेली खुर्ची

"बसा. मी उभीच बरी."

सुभेदारीणबाईंचं हे वाक्य आमच्या कार्यालयात सगळ्यांना पाठ होतं. त्या आल्या की एखादी खुर्ची स्वतःच ओढायच्या, तिच्या मागं जाऊन उभ्या राहायच्या, डावा हात तिच्या पाठीवर ठेवायच्या आणि समोर जो असेल त्याला बसायला सांगायच्या. एकदा आमचे साहेब त्यांना पाहून आदरानं उठले, तर त्यांच्याच केबिनमध्ये बाईंनी त्यांना बसायला लावलं. साहेब निमूट बसले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पाव्हण्यानं टेकल्याशिवाय ज्यांच्या जिवाला स्वस्थता नाही, आणि स्वतः मात्र काही केल्या टेकणार नाहीत. मला आधी वाटलं, म्हातारीचे गुडघे धरत असतील, एकदा बसलं की उठता येत नसेल. पण एवढ्या वयात त्या गावाहून एस.टी.नं येऊन आमचे दोन जिने सरळ चढून यायच्या, आणि धाप आम्हालाच लागायची.

आमची संस्था जुने कागद, फोटो आणि माणसांच्या आठवणी जपून ठेवते. त्या वर्षी सैनिकांच्या कुटुंबांकडून फोटो आणि आठवणी गोळा करायचं काम निघालं होतं. मुलाखती रेकॉर्ड करणं माझ्याकडे होतं. वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी कुणीतरी वाचून दाखवली, म्हणून त्या आल्या. लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातलं शेतीवाडीचं घर. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या परकर नेसायच्या वयाच्या होत्या, पुढं चार-सहा वर्षांत फौजेतल्या शिपायाशी लग्न झालं. तो सुभेदार होऊन घरी आला, शेती केली आणि म्हातारा होऊन अंथरुणात गेला. त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा वाळूजच्या कंपनीत. रात्रपाळी उरकून आलेला तो बिचारा काळी लोखंडी ट्रंक छातीशी धरून त्यांच्या मागून जिना चढत होता.

"ठिव हितं," त्या म्हणाल्या. "अन् बस."

ट्रंकेत वरच्या बाजूला सुभेदारांचे वर्दीतले फोटो होते. छाती पुढं, मिशा वर, मागं डोंगर आणि धबधबा. खाली जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले घरचे फोटो होते. ते सगळे एकाच स्टुडिओत काढलेले आणि जवळजवळ एकसारखे. सासूबाई जमिनीवर पाटावर, पोरं अलीकडे-पलीकडे, मधोमध एक रिकामी लाकडी खुर्ची, तिच्यावर ठेवलेला फेटा आणि मागं उभ्या सुभेदारीणबाई. आधी कोवळ्या, मग भरलेल्या, मग केस पांढरे व्हायला लागलेल्या. डावा हात खुर्चीच्या पाठीवर. तेव्हा मला त्या उभं राहण्याचा उलगडा झाला.

दर वर्षी दिवाळी झाली की हे कुटुंब लासूरहून रेल्वेनं शहरात यायचं आणि शहागंजातल्या स्टुडिओत फोटो काढायचं. सुभेदार रजेवर असले तर खुर्चीत बसायचे. नसले तर खुर्ची तशीच ठेवायची. पहिल्या वर्षी सासूबाई तडकल्या होत्या, रिकामी खुर्ची घरादाराला बरी नाही म्हणून. सून म्हणाली, "रिकामी कुठंय? त्यांची हाय." स्टुडिओवाले चाचाही म्हणाले, "अम्मा, खाली कुर्सी अच्छी नै दिखती. कुछ तो बी रखो उसपे." मग बाईंनी पिशवीतून नवऱ्याचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला. ती रीतच झाली.

"अन् खरं सांगू का?" त्या मला एकदा म्हणाल्या. "ते नसले की फोटो चांगला यायचा." सुभेदार जेवढ्या फोटोंत खुर्चीवर बसलेत तेवढ्या सगळ्यांत त्यांचे डोळे मिटलेले आहेत. तोफेसमोर न हललेला माणूस, पण चाचांचा दिवा लागला की पापण्या घट्ट.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढायच्या. एक घरी राहायची, एक टपालानं सुभेदारांकडं जायची. बदली झाली, रजा मिळाली, की ते आपल्या प्रती परत आणून ट्रंकेत टाकायचे. घरच्या प्रती कोऱ्या करकरीत होत्या. सुभेदारांच्या प्रतींना मात्र घड्या पडलेल्या, कडा झिजलेल्या आणि नेमक्या खुर्चीच्या जागी पांढरा डाग. फेटा दिसेनासा झालेला.

आता आमच्या कामातली एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. एकाच फोटोच्या दोन प्रती आल्या तर चांगली ठेवायची आणि खराब परत करायची. कपाटं थोडी, कागद उदंड, दुसरा इलाज नसतो. फोटो निवडणाऱ्या आमच्या ताईंनी सवयीनं दोन गठ्ठे करायला घेतले. बाई खुर्चीमागून बघत होत्या.

"काय करता ताई?"

"मावशी, या प्रती खराब झाल्यात. मधोमध पांढऱ्या पडल्यात बघा. चांगल्या आम्ही ठेवतो, या तुम्ही घरी न्या."

"जोडी फोडू नगा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण ताईंचा हात थांबला. "ठिवायचं तर जोडीनं ठिवा. नाय तर ट्रंक चालली माघारी."

प्रकरण समितीकडं गेलं. आणि समितीत भलताच मुद्दा निघाला. एक सदस्य म्हणाले की संग्रह सैनिकी आहे, त्यात वर्दी हवी, पदकं हवीत. स्टुडिओतल्या घरगुती फोटोंचं आपण काय करायचं? जोडी राहिली बाजूला, घरचे सगळेच फोटो परत करायचे असं ठरू लागलं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मी बाईंना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "मंग माझा जलम घरगुती म्हणा की." मला फार लागलं ते.

मधल्या दिवसांत मी त्यांची मुलाखत रेकॉर्ड करत होतो. त्या बसणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळं मी माइक खुर्चीच्या पाठीला बांधला. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. खुर्चीशी बोलत होत्या. मी प्रश्न विचारायचा आणि त्यांनी उत्तर खुर्चीला द्यायचं, अशी आमची मुलाखत चालली. "ह्ये विचारतेत, तुमचं पत्र यायचं बंद झालं तवा मी काय केलं. सांगू का?" असं म्हणून त्यांनी ते सांगितलं.

एकाहत्तरची लढाई संपली तरी सुभेदारांचं पत्र नव्हतं. जवळच्या गावात एक जण कामी आल्याची तार आलेली. पोरांची पुस्तकं, गुरांची वैरण सगळं चाललेलं, पण घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. त्या वर्षीचा दिवाळीतला फोटो धाकधुकीतच निघाला होता आणि तो पोचला की नाही हेही कळेना. भावकी म्हणाली, आता दुसरा काढायला जाऊ नका, खबर येऊ द्या. बाई पोरांना घेऊन संक्रांतीनंतर पुन्हा शहागंजात गेल्या. चाचांनी त्यांच्या कपाळाकडं पाहिलं, मग खुर्चीकडं पाहिलं. विचारायचा धीर त्यांना होईना.

"मीच वढली खुर्ची," बाई म्हणाल्या. "फेटा ठिवला. चाचांना म्हनलं, काढा फोटो, उद्याच्या टपालात टाकायचाय. चाचा रडत व्हते अन् मलाच म्हनले, हिलना नक्को."

चैत्रात सुभेदार आले. एक पाय अधू, दाढी वाढलेली. दवाखान्यातून दवाखान्यात हलवल्यामुळं त्यांनी लिहिलेलं पत्र पोचलंच नव्हतं, पलटणीच्या पत्त्यावर टाकलेले बाईंचे फोटो मात्र त्यांना मिळाले होते. रात्रीपर्यंत गाव दारात. सगळे पांगल्यावर त्यांनी खिशातून दोन्ही फोटो काढले, दिवाळीचा आणि संक्रांतीचा. दोन्हींवर खुर्ची पांढरी झाली होती.

"मी म्हनलं, ह्ये काय केलं, चांगला फोटो नासला," बाई खुर्चीला सांगत होत्या. "तर तुम्ही काय म्हनलात? म्हनलात, दवाखान्यात रोज ह्या खुर्चीवर अंगठा ठिवून बसत व्हतो. तू म्हनायचीस ना, बसा म्हणून."

मी रेकॉर्डर बंद केला. 

समितीच्या दुसऱ्या बैठकीला मी बाईंनाच बोलावून घेतलं. समितीत एक निवृत्त कर्नल होते. दराऱ्याचा माणूस, वर्दीचा मुद्दा त्यांचाच. बाई आत आल्या, खुर्ची ओढली, मागं उभ्या राहिल्या. सगळे सावरून उठायला लागले तशा म्हणाल्या, "बसा, बसा. मी उभीच बरी." सगळे बसले.

त्यांनी आधी वर्दीतले फोटो टेबलावर ठेवले.

"साहेब, हे तुम्हाला पाहिजेत ना? कुठं काढले ठावं हाय का? छावणीच्या बाजारात, दुकानात. मागचा डोंगर पडद्यावर रंगवलेला हाय. कवा लढाईवर गेलेच नायत हे फोटो. पेटीत आले अन् पेटीत ऱ्हायले."

कर्नलसाहेबांनी चष्मा लावून डोंगर पाहिला. डोंगराला खाली झालर होती.

मग बाईंनी घड्या पडलेले फोटो एकेक करून मांडले, प्रत्येकाशेजारी त्याची कोरी जोडी. टेबल भरून गेलं. "आता हे बघा. ह्यो बर्फात व्हता. ह्यो वाळूत व्हता. अन् हे दोन. एक लढाईतून दवाखान्यात गेला, एक मागनं तिथंच पोचला, अन् दोन्ही घरी आले. तुमच्या ह्या टेबलावर फौजेत जाऊन आलेलं काय आसंल तर ही खुर्ची हाय. मी हितं तिला धरून उभी अन् ते तिकडं तिच्यावर अंगठा ठिवून. आता सांगा, ह्यातलं घरगुती कोणतं अन् फौजेचं कोणतं."

 कर्नलसाहेबांनी संक्रांतीचा फोटो उचलला. बघता बघता त्यांचा अंगठा आपसूक त्या पांढऱ्या जागेवर गेला, तो तिथंच राहिला. मग ते मोठ्यानं हसले. "चला साहेब, हरलो आपण," ते आमच्या साहेबांना म्हणाले. "सगळे ठेवायचे. जोडीनं."

प्रदर्शन लागलं तेव्हा दालनाची अख्खी भिंत त्या जोड्यांना दिली होती. डावीकडं घरची प्रत, उजवीकडं फौजेची. खाली बाईंचा आवाज लावलेला. वर्दीतले फोटोही होते, कोपऱ्यात, झालरीसकट. पहिल्या दिवशी लोक आले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीतले आले, मग गंगापूर-वैजापूरकडच्या बायका आपापल्या ट्रंका घेऊनच यायला लागल्या. "आमच्याकडं पण हाय असं, पण कुणी विचारलंच नाय," हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा ऐकलं! बाई रोज यायच्या. भिंतीपाशी खुर्ची ओढून तिच्यामागं उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला बसवायच्या. आमच्या संस्थेत एवढी गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती. दोन प्रतींचा आमचा नियमही त्यानंतर बदलला. परत करण्याआधी आता आम्ही विचारतो, ही प्रत कुठं कुठं जाऊन आली?

काही वर्षांनी त्या पुन्हा आल्या, या वेळी पेढे घेऊन. नात फौजेत निवडली गेली होती. "पोरगी," त्या म्हणाल्या, "आमच्या घरची पोरगी." मी नमस्काराला वाकलो, तर म्हणाल्या, "बस आधी."

शहागंजातला स्टुडिओ कधीच बंद पडला होता. त्या दिवाळीला नात ट्रेनिंगला होती, बाकी सगळं घर आमच्या दालनात आलं. मधोमध खुर्ची मांडली. आता नातीचा फेटा कुठून आणायचा? सुनेला काही सुचेना. बाईंनी पिशवीतून नातीचा स्कूटीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि मागं जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर नवऱ्यासाठी धरलेली खुर्ची त्यांनी आता नातीसाठी धरली होती. त्या फोटोत त्या हसल्यात. बाकी कुठल्याच फोटोत त्या हसलेल्या नाहीत, मी सगळे पाहिलेत.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. सकाळी चहा घेतला, पाळीवरून आलेल्या मुलाला "बस" म्हणाल्या आणि गेल्या. नातीला वेळेत पोचता आलं नाही.

दिवाळीला ती रजेवर आली. कडक इस्त्रीची वर्दी घातलेली. सगळे दालनात जमले, ती खुर्चीत बसली. खुर्चीमागं कुणीच उभं नव्हतं. फोटोवाला म्हणाला, "मागं फार मोकळं दिसतंय, जरा जवळ सरका."

"नको," ती म्हणाली. "तेवढी जागा राहू द्या."

दोन प्रती काढल्या. एक आम्ही ठेवली, एक ती घेऊन गेली.

परवा ती पुन्हा रजेवर आली तेव्हा आपली प्रत घेऊन आली. मी ती खिडकीपाशी नेऊन बघितली. घड्या पडल्या होत्या. खुर्ची स्वच्छ होती, तिच्यात बसलेल्या पोरीचे डोळे सताड उघडे होते. खुर्चीमागच्या मोकळ्या जागेवरची चकाकी मात्र पार गेली होती.

"ही पण ठेवा," ती म्हणाली. "जोडीनं."

 मी म्हटलं, "अगं, आधी बस तर."

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "मी उभीच बरी." तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर होता.