बाबांची सीट

आठवड्यातून तीन दिवस मी अमरावतीहून अकोल्याला गाडी चालवत जाते. तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. बसने परतायला अंधार पडतो आणि ते घरात चालत नाही, म्हणून बाबांनी त्यांची गाडी दिली. उरलेल्या दिवशी ते तिच्यातूनच शेतातली भाजी बाजारात नेतात.

बाबा उंच आहेत. त्यांची सीट पार मागे, पाठ कललेली. एकदा गॅरेजवाल्याने ती हलवली, तर ते आठवडाभर कुरकुरत होते, "माही बैठकच बिघडवली त्यानं." तेव्हापासून त्या सीटला कोणी हात लावत नाही. मीही लावला नाही. टोकावर बसायचे, पाठीमागे चादरीची घडी. क्लच पूर्ण दाबायला डावा पाय ताणावा लागायचा आणि मूर्तिजापूर येईपर्यंत कंबरेतली कळ मांडीत उतरायची.

घरी सांगितलं नाही. झेपत नाही तर सोड, हे उत्तर ठरलेलं होतं. वर्गात मी भिंतीला टेकून शिकवायचे. मुलांना तो निवांतपणा वाटत असावा.

एकदा बाबांना अकोल्याहून बियाणं आणायचं होतं, म्हणून ते माझ्या शेजारी बसले. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मी आधी दोन्ही पाय बाहेर काढले, दार धरलं, मग उभी राहिले.

"काय वं माय, म्हातारीवानी उतरून राहिली?"

"काही नाही."

"अन् हे टोकावर बसनं काय? तिघाच्या सीटवर चौथी बसल्यावानी."

"तुमची सीट आहे ना."

त्यांनी माझ्या हातात चहाचा ग्लास दिला. "सांगतलं असतं तं मी काय नोकरी सोड म्हनलं असतं?"

मी चहा पीत राहिले. हो म्हणणं बरं दिसलं नसतं.

चहा संपल्यावर त्यांनी मला पुन्हा सीटवर बसवलं आणि खाली हात घातला. रुळात मेथीच्या वाळक्या काड्या अडकल्या होत्या. त्या काढून त्यांनी सीट पुढे ओढली, पाठ सरळ केली.

"दाब क्लच. पुरा. गुडघा जरासा वाकलेलाच राह्यला पायजे. आता पाठ टेकव. पुरी टेकव, मी काही म्हनत नाही."

कळ त्या दिवशी गेली नाहीच. फक्त मांडीत उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा बाजारातून परतले तेव्हा मी फाटकात होते. त्यांनी आधी दोन्ही पाय बाहेर काढले, दार धरलं, मग उभे राहिले. सीट माझ्याच जागेवर होती. एवढा उंच माणूस गुडघे स्टिअरिंगला टेकवून गावभर फिरून आला होता.

"मागे का नाही घेतली?"

"मंग तुही जागा पुन्हा कुठं धुंडू?"

मी नेलपॉलिशची बाटली आणली. त्यांना परत बसवलं. सीट तीनदा मागेपुढे केल्यावर ते म्हणाले, "हां, हेच." रुळावर तिथे एक ठिपका लावला. मग ते उतरले, मी बसले, माझा लावला. वाकून वाकून कंबर भरून आली होती.

"दुखते का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "खूप दिवसांपासून."