मावशीचे अकरा मंगळवार

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता. पोस्टमननं ते हातात न देता उंबऱ्याबाहेर ठेवलं, तेव्हाच मी काय ते समजले. देवासहून धाकट्या भावोजींनी दोनच ओळी लिहिल्या होत्या... कृष्णामावशी गेली, फार त्रास झाला नाही. कार्ड आमच्या धारच्या बिऱ्हाडी पोहोचेपर्यंत चार दिवस उलटले होते. असलं कार्ड वाचून फाडायचं आणि लगेच आंघोळ करायची, हा रिवाज. मी आंघोळ केली, पण कार्ड मुठीत धरून बराच वेळ चुलीपुढे बसल्यानंतर. दूध उतू गेलं, ते ह्यांनीच उतरवलं. त्याच दिवशी आम्ही टांग्यानं महूला निघालो, तिथून इंदूरवरून देवासला.

कृष्णामावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची पाठची बहीण. बाराव्या वर्षी कपाळाचं कुंकू गेलं, आणि तेव्हापासून ती देवासला बहिणीच्या घरी राहिली. आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, हाडं दिसणारे पण लाकूडफाटा सहज मोडणारे हात. घरातला स्वयंपाक, पापड, लोणची, बाळंतिणींची पथ्यं सगळं तिच्याकडे. तोंडावर मी तिला अहोजाहो करत असे. मनात मात्र ती फार लवकर ‘ती’ झाली, आणि आता लिहितानाही मला ‘त्या’ म्हणवत नाही. तिनं मला जगवलं, असं मी म्हटलं की हे म्हणतात, उगाच वाढवून सांगू नकोस. म्हणोत बापडे. ह्यांना त्या वर्षीचं काय ठाऊक आहे?

त्या वर्षी माझं दुसरं मूल गेलं होतं. पहिलं सव्वा महिन्याचं, हे तर बाराव्या दिवशीच. मी एकोणीस वर्षांची होते, आई लग्नानंतर वर्षभरातच वारलेली, माहेर बदनावरला आणि तिथं विचारायला फक्त वडील. मी बोलेनाशी झाले. दळायला बसले की जातं थांबायचं आणि माझ्या लक्षातही यायचं नाही. माझे सासरे, म्हणजे मामंजी, देवासच्या दोन संस्थानांपैकी थोरल्या पातीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि घरातही कचेरीसारखंच वागत. एकदा माझ्या कानावर पडेल असं ते म्हणाले, “दोन गेली. आणखी किती वाट बघायची?” पुढच्याच आठवड्यात सोनकच्छची एक मुलगी बघून झाली. माझे यजमान मान खाली घालून गप्प बसले. ह्यांचा मला त्या वेळी आला तेवढा राग पुढे कधी आला नाही.

आणि मग एक दिवस, भर दुपारची पंगत बसलेली असताना, कृष्णामावशी माजघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. मामंजींशी ती कधी थेट बोलत नसे. बोलली ती सासूबाईंशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“ताई, एक सांगायचं राहूनच गेलं बघ. हिच्या लग्नात हिच्या आईनं माझा हात धरून सांगितलं होतं. मुलीला संसारात काही अडलं, तर अकरा मंगळवार तिला टेकडीवरच्या देवीला पायी पाठवा, अनवाणी. मी तसं बोलून ठेवलंय म्हणाली. आता ती बिचारी नाही. नवस फिटायच्या आत घरात लग्नाची बोलणी निघाली, तर देवी आपल्याला विचारील.”

मामंजी दिवाणांना भीत नसत, पण देवीला भीत. त्यांनी हातातला घास पानात ठेवला. सासूबाई आमटी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, “नवस तो नवस. फेडायलाच हवा.” झालं, लग्नाची बोलणी तिथंच थांबली. मी आत कोपऱ्यात बसून ऐकत होते. माझ्या आईनं माझ्यासाठी काही मागून ठेवलं होतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

पहिल्या मंगळवारी मी विसाव्या पायरीवर मटकन बसले. देवासची टेकडी ती काय, चार वर्षांची पोरंही पळत चढतात! पण माझ्या पायांत त्राण नव्हतं. सोबत आलेल्या मावशीनं ‘ऊठ’ म्हटलं नाही. शेजारी बसून ती खालच्या गावाकडे बघत म्हणाली, “ते बघ, त्या रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दोन राजे, दोन कचेऱ्या. कावळे मात्र दोन्हीकडे एकच.” मला हसू आलं नाही, पण मी बघितलं. मग आणखी दहा पायऱ्या चढले. त्या दिवशी दर्शनाला पोचेपर्यंत उन्हं वर आली होती.

चौथ्या मंगळवारी दर्शन झाल्यावर ती परत पायऱ्यांकडे न वळता देवळामागच्या पायवाटेनं उतरू लागली. मी विचारलं, “मावशी, हेही नवसात आहे का?” तर म्हणाली, “नवसात चालणं आहे. कुठं ते तुझ्या आईनं सांगितलं नव्हतं.” बोरीच्या जाळ्यांमधून ती वाट एका खेड्यात उतरायची, तिथून गव्हाच्या नि हरभऱ्याच्या शेतांमधून आणखी एका वाडीला, आणि मग एका बुटक्या टेकाडावर चढायची. तासा-दीड तासाचा रस्ता, कुठंही दम लागायचा नाही. टेकाडावरून दक्षिणेकडे विंध्याचे डोंगर दिसायचे, एकामागे एक, सकाळी निळे आणि उन्ह चढलं की धुरकट. “त्यांच्या पलीकडे नर्मदा,” मावशी सांगायची. तिनं नर्मदा कधी पाहिली नव्हती. देवासला आल्यापासून तिनं दुसरं काहीच पाहिलं नव्हतं, पण कुठल्या डोंगराला कुठं खिंड आहे, हे ती आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळाबद्दल बोलावं तसं बोलायची. मंगळवारी पहाटे ती कुठं जाते, हे आम्हा कुणाला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. वर्षानुवर्षं ती हीच वाट चालत होती.

त्या खेड्यातली पटेलीण तिची मैत्रीण. खाटल्यावर बसून वाटच बघत असायची. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, “माजी, लाड़ी ने थोड़ी छाछ पिवाड़ो, मुंडो उतरी गयो हे.” सुनेचा चेहरा उतरलाय, तिला ताक पाजा, असं म्हणत तिनं लोटा पुढे केला. आता सोवळ्यातल्या मावशीसमोर मी परक्या घरचं ताक कसं पिणार? मी तिच्याकडे बघितलं. ती चक्क पाठ फिरवून उभी राहिली. “मी काही बघितलं नाही. पण सगळं पी, ठेवू नकोस.” स्वतः तिनं घेतली फक्त हरभऱ्याची हिरवी डहाळी, कच्ची, शेतातली, तिला विटाळ नाही. मावशीबरोबर हरभरा सोलत बसलेल्या पटेलिणीनं मला सहज सांगितलं की तिची पाच गेली. नावं घेऊन सांगितलं, एकेकाचं. मला आजवर कुणी माझ्या मुलांची नावं विचारली नव्हती. बाराव्या दिवशी गेलेल्याचं तर ठेवायचं होतं, तेही राहिलं. मी तिथं त्या अंगणात मोठ्यानं रडले, आमच्या घरात रडता येत नसे तशी. दोघींपैकी कुणीही मला गप्प केलं नाही.

नवव्या मंगळवारपर्यंत माघ उजाडला, अफूच्या शेतांत पांढरी फुलं आली आणि मी मावशीच्या पुढे चालू लागले. “अगं हळू, नवस तुझा आहे, धाप मला!” असं ती मागून ओरडायची. अकरावा मंगळवार झाला त्याच आठवड्यात बातमी आली की सोनकच्छच्या मुलीच्या बापानं वाट बघणं सोडून तिचं लग्न दुसरीकडे ठरवलं. मामंजींनी पुढे तो विषय काढला नाही. दोन वर्षांनी मला मुलगी झाली, मग दोन मुलगे. देवी पावली, असं सगळे म्हणतात. मी देवीला नाही म्हणत नाही. पण हात जोडताना माझ्या डोळ्यांपुढे आधी हरभरा सोलणारी मावशी येते, आणि ते मी लपवत नाही.

तेराव्याला देवासचं घर माणसांनी भरलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे पांगले. दुपारी सासूबाई आणि मी दोघीच मागल्या पडवीत तांदूळ निवडत होतो. मामंजी जाऊन तीन वर्षं झाली, सासूबाई आता थकल्या आहेत. मी म्हणाले, “आईचा तो नवस मावशींनी वेळेवर सांगितला, नाहीतर माझं काय झालं असतं कोण जाणे.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

“कुठला नवस? कृष्णा तुझ्या लग्नाला बदनावरला आलीच नव्हती.”

मला आधी समजलंच नाही.

“तुझ्या आईचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं तिनं. महिनाभर खपली ती त्या लग्नासाठी. वऱ्हाडाच्या शिदोरीचे लाडू, शेवया, सगळं तिच्या हातचं. आणि निघायच्या आदल्या दिवशी मीच तिला म्हटलं, शुभकार्य आहे कृष्णे, तू नको येऊस. वऱ्हाड निघालं तेव्हा आमच्या समोर येऊ नये म्हणून आतल्या खोलीत दार लावून बसली.”

“पण मामंजींना...?”

“त्यांना काय ठाऊक! लग्नाला कुठली विधवा आली नि कुठली नाही, हे पुरुषांच्या कधी ध्यानात असतं?”

“मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर ती खोटी पडली असती आणि तुझ्या डोक्यावर सवत आली असती.” सूप परत हातात घेत त्या म्हणाल्या, “आणि कुठल्या तोंडानं बोलणार होते... की ती तिथं नव्हती, मीच येऊ दिली नाही?”

त्या क्षणी मला आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? पंधरा वर्षं मी त्या नवसाच्या आधारावर उभी होते. पण तांदूळ संपेपर्यंत ते दुःख निवळलं. माझ्यासाठी नवस बोलला गेला होता, यात काहीच खोटं नव्हतं. फक्त बोलणारी कोण, ते मला ठाऊक नव्हतं. देवीच्या नावानं खोटं बोलायला तिच्यासारख्या सोवळ्याओवळ्याच्या बाईला काय वाटलं असेल, ते आता कुणाला विचारू?

सासूबाई म्हणाल्या, “ती तुला कुठून न्यायची, ती वाट मला दाखव.” मी म्हटलं, तुमचे गुडघे? त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. देवळामागून उतरलो, दर पन्नास पावलांवर थांबत. पटेलीण आता नाही, तिच्या सुनेनं आम्हाला ताक दिलं. टेकाडावर पोचलो तेव्हा डोंगर अजून निळेच होते. सासूबाईंनी विचारलं, “ती बसायची कुठं?” मी तिथला एक सपाट दगड दाखवला. त्या त्याच्या एका कडेला बसल्या, पाय जवळ घेऊन, अंग चोरून, उरलेला दगड तसाच मोकळा ठेवून. बराच वेळ डोंगरांकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या मोकळ्या दगडावर त्यांनी हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “ये गं कृष्णे.”