चौथं नाव

चाकणच्या चौकात ट्रेलरच्या क्लचचा जळका वास आला, की अजून मला लेकीच्या बाळंतपणाची ती दुपार दिसते. आजही तो वास आला. रिक्षाची कड घट्ट धरून बसले, आणि सासूबाई आठवल्या.

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाला पाळकसाहेब नवरीला राहेल आणि लेआसारखी हो म्हणून आशीर्वाद देतात, ते तुम्हीही कधी ऐकलं असेल. बायबलातल्या या आदिमाता आमच्या घरात थोरल्या जावांसारख्याच वावरायच्या. वस्तीतली कुणी पोटुशी असली, की सासूबाई तिच्या पोटावर हात ठेवून नावं घ्यायच्या: सारा, रिबका, लेआ. प्रार्थना देवाची करायची, या बायकांची नव्हे, असं पाळकसाहेबांनी किती बजावलं, पण ऐकतंय कोण! राहेलचं नाव मात्र त्या कधीच घेत नसत. राहेल प्रवासात, वाटेवरच बाळंत होताना वारली. आणि सासूबाईंची पाठची बहीणही नगरकडे, बाळंतपणाला तालुक्याला नेताना बैलगाडीतच गेली होती. हे मला ठाऊक होतं, माझ्या लेकीला नव्हतं.

लेक पहिलटकरीण, माहेरी आलेली. भरदुपारी कळा सुरू झाल्या आणि पिंपरीच्या दवाखान्याकडे निघालेली आमची गाडी याच चौकात अडकली. पुढं ट्रेलर आडवा बंद पडलेला, मागं कंपन्यांच्या बसगाड्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला आणि त्यानं इंजिनच बंद केलं. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. सासूबाई लेकीच्या पोटावर हात ठेवून तीच तीन नावं पुन्हापुन्हा घेत होत्या. चर्चच्या संडे स्कूलमध्ये चारही नावं पाठ केलेली लेक कण्हत म्हणाली, "आजी, राहेलचंपण घे ना."

सासूबाईंचा हात थबकला. का घेत नाहीस असं लेकीनं विचारलं, तर या रस्त्यात तिला काय सांगायचं, या भीतीनं मी सासूबाईंकडं पाहिलं. मग सासूबाई डोक्यावर पदर घेऊन हळूच म्हणाल्या, "ये माय, तूबी ये. ही वाट तुला ठाव हाय."

ट्रेलर हलला एकदाचा. नात दवाखान्यात पोचल्या पोचल्या झाली, दोघी सुखरूप. त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, इतकी वर्षं त्या बिचारीला आपणच वाटेवर टाकून दिलं होतं. बहिणीविषयी म्हणाल्या की राहेलविषयी, मी विचारलं नाही.

आता सासूबाई नाहीत. चौक तसाच आहे, गाड्या तेवढ्या वाढल्यात. लेकीला पुन्हा दिवस गेलेत, आणि या खेपेला पोटावर हात ठेवणारी मीच. भीती वाटते हो, फार वाटते. म्हणून रिक्षात बसल्या बसल्या आत्ताच नावं घेऊन बघते. सुरुवात राहेलपासून करते.