नाव टाकून मिळेल

बाजारात एका जागी बसून राहिलेल्या माणसाजवळ किस्से आपोआप जमतात. त्याला काही करावं लागत नाही. लोक येतात आणि आपलं तिथं ठेवून जातात.

मी गोल बाजारात भांड्यांवर नावं टाकतो. किशनलाल सेठच्या भांड्यांच्या दुकानाचा ओटा ही माझी जागा. डोक्यावर पाटी आहे, ‘नाव टाकून मिळेल’. पाटी मराठीत आहे, रायपुरात त्यानं कोणाचं काही अडलं नाही. आता मशिनी निघाल्या. त्या घरघर करतात आणि मुंगी चालल्यासारखं अक्षर काढतात. मी छिन्नीनंच टाकतो. शाळा चौथीत सुटली, पण माझं अक्षर लोक ओळखतात.

हे किस्से वर्षाच्या कामाचे आहेत. वर्षा माझी मुलगी. दुर्गचं सासर सोडून एक पिशवी आणि फोन घेऊन परत आली. का आली, ते तिनं आईला सांगितलं. मी विचारलं नाही. लग्नातली भांडी तिकडंच राहिली. त्यांच्यावर नाव मीच टाकलं होतं.

म्हणाली, “बाबा, मी गल्लीतल्या दुकानांची फोनवर जाहिरात करीन.”

मी म्हटलं, “दिवाळीपर्यंत पाहू. पोटापुरतं झालं तर राह्य. नाही तर आपल्या घरी जा.”

“आपल्या घरी म्हणजे कुठं?”

मी छिन्नीला धार लावत होतो. लावत राहिलो.

*

पहिलं गिऱ्हाईक किशनलाल सेठच. रायपूर राजधानी झाल्यापासून तेलीबांध्याकडं काचेची मोठी दुकानं झाली होती. सेठचा धंदा बसत चालला होता. म्हणाला, “चल बिटिया, बना दे वीडियो.”

नवा सदरा घालून आला. दारावरच्या झेंडूच्या तोरणाखाली उभा राहिला. हात सरळ, छाती पुढं, श्वास रोखलेला.

वर्षा म्हणाली, “सेठजी, कुछ बोलिए ना.”

ओठ न हलवता सेठ म्हणाला, “पहले खींच तो ले!”

व्हिडिओत सेठ हललाच नाही. खाली दुकानाचं नाव, वर झेंडू. वर्षा नवी होती, तिनं मागं बासरी लावली. संध्याकाळपर्यंत खाली पन्नास जणांनी हात जोडले. ‘भगवान आत्मा को शांति दे!’

दुसऱ्या दिवशी राजनांदगावहून सेठचे साडू पांढऱ्या कपड्यांत हजर! दुकानात शिरले, तर समोर सेठ. साडूंना घाम फुटला.

सेठनं त्यांना पाणी दिलं. मग म्हणाला, “आ ही गए हो तो कुकर देख लो.”

कुकर गेला. वर्षाची ती पहिली विक्री.

*

पलीकडं साहूचं तांब्या-पितळेचं दुकान. साहू फोनला गिऱ्हाईकच समजायचा. कोणी लिहिलं, ‘प्राइस?’ की हा लिहायचा, ‘दुकान आ जाओ, बैठ के बात करेंगे.’

वर्षा समजवायची, “भैया, दाम लिख दो. लोग चले जाते हैं.”

“हव, हव,” म्हणायचा आणि पुन्हा तेच.

एकदा परदेशातून कोण्या बाईनं तांब्याचा हंडा विचारला. साहूनं तिलाही लिहिलं, ‘आ जाओ. गोल बाजार में किसी से भी पूछ लेना.’

वर्षानं कपाळावर हात मारला. म्हणाली, “वो सात समंदर पार है!”

साहू म्हणाला, “तो जल्दी किस बात की? जब आएगी, तब आएगी.”

ती आली! माहेरी भिलाईला आली होती, तिथून टॅक्सी करून आली. हंडा तर घेतलाच, वर तासभर बसली. जाताना वर्षाला म्हणाली, “दीदी, कितने साल बाद किसी ने बैठने को कहा.”

त्या दिवसापासून वर्षानं साहूला दाम लिहायला सांगितलं नाही.

*

माझाही व्हिडिओ काढायचा म्हणाली. मी म्हटलं, “तोंड नाही.”

“मग?”

“हात काढ.”

तिनं हात काढला. छिन्नी, हातोडी, परातीवर उतरणारं नाव. बाकी काही नाही. तो हात कुठं कुठं पोचला देव जाणे. लोक हात पाहायला येऊ लागले. चौबे कॉलनीतली एक बाई तर त्याच्याशेजारी आपलं तोंड ठेवून फोटो काढू लागली. म्हणाली, “दादाजी, जरा स्माइल!”

मी म्हटलं, “हात हसत नाही.”

ते वाक्यही वर्षानं फोनवर टाकलं. मला विचारलं नाही.

*

न विचारण्याचं फळही लवकरच मिळालं.

रेल्वेतले एक साहेब जुनी परात घेऊन आले. म्हणाले, “यावरचं नाव काढा, पुतण्याचं टाका. लग्नात द्यायची आहे.” मी कानशीनं जुनं नाव उतरवलं, पॉलिश मारली, नवं टाकलं. परात कोरी दिसू लागली. वर्षानं आधीची आणि नंतरची अशी दोन्ही रूपं व्हिडिओत टाकली.

जुनं नाव साहेबांच्या नागपूरच्या आत्याचं होतं. आत्यानं व्हिडिओ पाहिला. लग्नात आली, भर मांडवात परात उचलली आणि म्हणाली, “माह्या परातीले नवी पॉलिश बरी केली रे!”

साहेब ओट्यावर येऊन ओरडले, “व्हिडिओ काहून टाकला? माझं नाक गेलं!”

वर्षानं हात जोडले, व्हिडिओ काढून टाकला. तेव्हापासून ती आधी विचारते, “व्हिडिओ काढू का?” हो म्हटलं तरच फोन उचलते.

पण व्हायचं ते झालं. इथं जुनं नाव काढून मिळतं, ही बातमी साऱ्या रायपुरात पसरली! लोक पिशव्या भरभरून भांडी आणू लागले. अर्ध्या शहराच्या भांड्यांवर दुसऱ्याचीच नावं होती.

*

दिवाळी आली. धनतेरसला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दुर्गच्या फोनची वाट पाहत होतो. पोरीला न्यायला कोणी तरी येईल, असं मला वाटत होतं. फोन आला नाही.

दिवाळी झाली. मी विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. तिची आई मात्र रोज माझ्याकडं पाहत होती.

*

तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. दुपार होती. एक बाई जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं जड भांडं घेऊन ओट्याशी आली. बोलणं आपल्याच मुलखाचं.

“फोनमंदी पाह्यलं, तुमी जुनं नाव काढून देता. माह्या पोरीचं लगन आहे. पोराकडचे म्हणे, नवे भांडे कायले घेता, घरी कोरे पडून आहेत, नाव तेवढं बदलून घ्या. चांगले लोक आहेत. पण पोट्टी मानत नाही. दुसरीच्या नावानं पाणी भरणार नाही म्हणते.”

वर्षानं रोजच्यासारखं विचारलं, “मावशी, व्हिडिओ काढू का?”

“काढ न, बाई.”

बाईनं लुगडं सोडलं. पाणी भरायचा पितळेचा गुंड होता. मी तो उजेडात फिरवला. ‘चि. सौ. कां. वर्षा हिस सप्रेम. आई-बाबा.’ अक्षर माझं होतं.

मी छिन्नी खाली ठेवली. गुंड वर्षासमोर धरला. तिनं वाचलं. फोन तिच्या हातात तसाच राहिला.

“मावशी, पोरगा दुर्गचा आहे का?”

“हो. तुले कसं माहीत?”

“ही पहिली कुठं आहे म्हणतात?”

“गेली म्हणे सोडून. फारकतीचे कागद झाले म्हणे समदे.”

“कागद नाही झाले, मावशी. मले कोणी विचारलंही नाही.”

बाई म्हणाली, “तुले?”

“मी वर्षा.”

साहूच्या दुकानात कोणी तरी हंडा वाजवून पाहत होतं. बाई ओट्यावर बसली. पाणी मागितलं. वर्षानं दिलं. बाई ते सारं प्यायली, तिनं तोंड पुसलं आणि लुगड्याची घडी घातली. घडी नीट होईना, तर पुन्हा घातली. काखेत धरली आणि उठली.

मी म्हटलं, “बाई, गुंड राहिला!”

“राहू द्या,” ती म्हणाली. मागं वळली नाही.

गुंड आता ओट्यावर असतो. वर्षा सकाळी घासते, गिऱ्हाइकांसाठी पाण्यानं भरते. तिच्या सगळ्या व्हिडिओंत तो कोपऱ्यात दिसतो, म्हणून लोक खाली विचारतात, ‘दीदी, ये पीतल की गुंडी कितने की है?’

वर्षा प्रत्येकाला एकच उत्तर लिहिते.

‘बेचना नहीं है. इस पर नाम लिखा है.’