फिक्या भुंगेऱ्यांची पेटी

"फ्रिजमध्ये कुजका पाला! अगं, लोक दूध ठेवतात, भाजी ठेवतात. पाला कोण ठेवतं?"

"दुधाला चिकटलाय का तो? घट्ट झाकणाच्या डबीत आहे."

"डबीत आहे म्हणूनच घोटाळा झाला ना! कॉफी समजून दोन चमचे कपात घातले मी. वरून गरम पाणी ओतलं. वास आला म्हणून वाचलो."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "प्यायलास का?"

"नाही प्यायलो, आई."

"मग रविवारी सकाळी गल्ली कशाला गोळा करतोस?"

मुलगी हसली आणि फोनमध्ये परत गेली. बाईंनी नवऱ्यापुढचा कप उचलला, आतलं काळं पाणी मोरीत ओतलं आणि कप विसळला. दोन चमचे म्हणजे तपासायला आणलेल्या पाल्यातले पन्नासेक भुंगेरे गेले असतील. एरवी त्यांनी नवऱ्याला सोलून काढलं असतं. आज काहीच वाटलं नाही. आठवडाभर काहीच वाटत नव्हतं. मीठ कमी पडलं तरी, बस चुकली तरी, तेच.

गल्लीत त्यांना किडेबाई म्हणत. संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी त्या एकतीस वर्षं बसत होत्या. हाताखाली एकच कूळ, पिसपंखी भुंगेऱ्यांचं. ढालपंखी गणातली, म्हणजे टणक पाठीच्या किड्यांतली, ही सगळ्यात बारकी मंडळी. पुस्तकातल्या पूर्णविरामावर एक बसवला तर पूर्णविरामच मोठा दिसावा, इतकी बारकी. ओल्या पाल्याच्या थरांत, कुजक्या लाकडात, सालीखाली, शेणात राहायचं आणि बुरशीचे कण खायचे. काही तर अळंबीच्या खालच्या भोकांत बिऱ्हाड करतात. पाठीवरच्या टणक झाकणांखाली पंख घडी करून ठेवलेले असतात, आणि पंख म्हणजे नुसती एक काडी, तिच्या दोन्ही कडांना केसांची झालर. मिशांवरही लांब केस. मादी एका वेळी एकच अंडं घालते, आणि ते जवळजवळ तिच्या निम्म्या अंगाएवढं. मुलीच्या वेळी बाळंतपण अवघड झालं तेव्हा बाई डॉक्टरीणबाईंना हेच सांगत होत्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं, पेशंट वातात बरळतेय.

पाला चाळायचा, नरसाळ्यात भरायचा, वर दिवा लावायचा. उष्णतेला भिऊन भुंगेरे खाली खाली सरकतात आणि स्पिरिटच्या बाटलीत पडतात. मग ब्रशचा एकच केस शिल्लक ठेवून त्याने एकेकाला उचलायचं, पुठ्ठ्याच्या इवल्या त्रिकोणावर डिंकाच्या ठिपक्यात बसवायचं, टाचणीने खाली चिठ्ठी टोचायची. शिंक आली तर आठवड्याची मेहनत जमिनीवर. बाईंना कामावर असताना शिंक येत नसे.

कूळ ओळखायचं पंखांवरून. प्रजाती ओळखणं मात्र जिकिरीचं. मादीच्या पोटात वीर्य साठवायची एक कडक पिशवी असते, तिचा पीळ बघावा लागतो. त्यासाठी भुंगेरा फोडून काचेवर पसरायचा. नऊ वर्षांपूर्वी डोंगरावरच्या जंगलातल्या साठ-सत्तर ठिकाणांहून आलेल्या पाल्यात दोन तऱ्हांचे निघाले. एक काळे, डोळ्यांचे, पंखांचे. दुसरे फिके, आंधळे, बिनपंखांचे. बाईंनी काळे फोडून पाहिले. फिके फोडले नाहीत. डोळे नाहीत, पंख नाहीत, मग प्रजाती वेगळी, हे काय सांगायला हवं? म्हणून फिक्यांची पेटी वेगळी केली. दोन हजार एकशे चार भुंगेरे, प्रत्येकाखाली बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी. संग्रहालयाच्या छापील यादीत काळे आणि फिके दोन वेगळ्या प्रजाती म्हणून आले.

गेल्या सोमवारी विभागाच्या नवीन साहेबांनी सहज म्हणून चार फिके फोडले. "बाई, जरा इकडे या." बाईंनी भिंगाला डोळा लावला. पीळ तोच. अडीच वेढे, टोकाला बाक. एकाच आईची लेकरं, कुणाला डोळे-पंख येतात, कुणाला येत नाहीत. या कुळात असं होतं, हे बाईंनी स्वतःच वाचलेलं होतं, एकदा नव्हे, तीनदा.

"असू दे हो," साहेब म्हणाले. "पुढचं कुणीतरी बघेल."

बाई "हं" म्हणाल्या, चष्मा पुसला आणि डबा खायला गेल्या. डबा पूर्ण संपवला. तेव्हापासून अंगावर जाड गोधडी टाकल्यासारखं झालं होतं. घरी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"बरं, कॉफी राहू दे," नवऱ्याने टेबलावर कागद सरकवला. मुदतीआधी निवृत्ती घ्यायचा अर्ज. नाव, हुद्दा, तारीख, सगळं त्यानेच सुवाच्य भरलं होतं. "उद्या शेवटचा दिवस आहे. सही कर म्हणजे विषय संपला. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, घरात कुणीतरी हवं. मला अजून चार वर्षं नोकरी आहे."

"कर ना, आई," मुलगी म्हणाली. "तसंही तूच म्हणायचीस, डोंगराची पेटी झाली की सुटले."

"पेटी झाली ना?" नवऱ्याने विचारलं.

"झाली."

"मग अडलंय कुठे?"

बाईंनी पेन हातात घेतलं. सही करायला काही हरकत नव्हती. हात दुखत नव्हता, मन दुखत नव्हतं. विभागाच्या रकान्यात नवऱ्याने 'भुंगेरे विभाग' लिहिलं होतं, अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं. त्या तेवढंच बघत राहिल्या.

"ती पेटी चुकलीय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दोन प्रजाती समजून ठेवल्या. एकच आहे. नऊ वर्षं."

नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली. तो वाईट माणूस नव्हता. "आता कोण बघायला बसलंय?" तो हळूच म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाहीत ते किडे. तू, तुझे साहेब आणि तिसरा कोण?"

"तिसरा कुणी नाही."

"मग झालं तर."

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते आणि त्यांना सगळं ऐकू येई. "उलटी बाही लावलीस म्हण ना सरळ!"

"हो."

"मग उसवायची. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? मी काय कमी उसवल्यात?"

"आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?" नवरा वैतागला.

"माझ्या कमरेच्या. आणि ही घरात बसून मला पाला पाजणार असेल, तर आपला शेजारच्या बाईंचा चहा बरा."

मुलगी फिसकन हसली. नवऱ्यालाही हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता. रोजचं काम सांभाळून आठवड्याला सात-आठ फोडून होतील, त्याहून जास्त नाहीत. सगळे फोडायची गरज नाही, प्रत्येक ठिकाणचे दहा पुरेत. चिठ्ठ्या मात्र सगळ्या बदलायच्या. जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्याखाली नवी टोचायची, म्हणजे चूक कुणाची ते पुढच्याला कळेल. यादीतही दुरुस्ती छापायला लावायची. साहेब ते करणार नाहीत, त्यांना पुढे जायचंय. हे अक्षर ज्याचं, त्यानेच बसायचं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. अर्जाची चौकोनी घडी घातली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "दोन वर्षं लागतील. आईंजवळ दिवसा बाई ठेवायची, मी उद्या कामावर जाताना शेजारच्या बाईंना विचारून जाते. सकाळचं त्यांचं आंघोळपाणी मी करीन, संध्याकाळचं जेवण तुम्ही दोघं बघा."