चार वाजताची तिन्हीसांज

मामींचा फोन आला तेव्हा मी देवापाशी दिवा लावत होते. "पोरी, तुझं मामा गेलं गं," एवढंच म्हणाल्या. बाहेर गल्लीत पोरं फुटबॉल खेळत होती, आकाश निळं होत होत काळ्याकडे झुकलं होतं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर... आजची तिन्हीसांज खरी आहे, रशीदमामांनी केलेली नाही. अशा वेळी असलं काही मनात यावं याचं माझं मलाच नवल वाटलं. ज्यांनी त्यांना काम करताना पाहिलंय त्यांना ते कळेल. बाकीच्यांसाठी हे लिहायला बसले आहे. माझी शाळा आठवीत सुटली, तेव्हा चुका होतील, सांभाळून घ्या.

मी वाशीमकडची. नवऱ्याला इथं फाउंड्रीत काम लागलं म्हणून कोल्हापूरला आलो आणि शिवाजी पेठेत आक्कांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. पहिल्याच दिवशी त्या "काय पावणं, जेवलासा काय?" असं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलंच. मी ब्लाउज शिवायचे. गल्लीच्या तोंडाशी रशीदमामांचा फोटो स्टुडिओ होता. नातं काही नव्हतं, पण मी त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायला लागले. उंचापुरा देह, पांढरी दाढी, तरुणपणी पेठेच्या संघात गोलकीपर होते, आणि आवाज अजूनही गोलपोस्टातून ओरडल्यासारखा. लग्नाच्या फोटोंना कंटाळून ते पोटुशा बायकांचे फोटो मोकळ्या रानात नेऊन काढायला लागले होते. त्याला मागे लांब घोळ सोडलेले झगे लागायचे. ते उसवायला, शिवायला माझ्याकडे यायचे.

त्याच सुमाराला मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं... त्यामुळे या खेपेला मी कुणाकडे शब्द काढला नव्हता. पदर पुढे ओढून हिंडायचे. आक्कांना कळलं होतं, बायकांना कळतंच, पण त्याही बोलल्या नव्हत्या. गावाकडे फक्त आईला माहीत. बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यांना टाकून ती येऊ शकत नव्हती. रोज फोनवर एकच, "एकडाव तुले डोयानं पाह्यलं असतं वं माय. फोटू तरी धाड." मी धाडत नव्हते. फोटो काढला की ते बाळ खरं होईल, आणि खरं झालं की जाईल, अशी काहीतरी धास्ती मनात बसली होती. रात्री कूस बदलतानासुद्धा मी हळूच बदलायचे.

एकदा मामा झगा न्यायला आले. हातात धरून त्यांनी तो उलटसुलट पाहिला. गिऱ्हाइकाचं माप त्यांनी दिलेलं होतं, पण मी शिवता शिवता तो अंगाला लावला होता आणि माझ्याच पोटावरून बेतला होता. का, ते मला सांगता येणार नाही. मामांनी एकदा झग्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पदराकडे. "ह्यो त्या बाईला बसत न्हाय," ते म्हणाले. "ह्यो तुझा. कधी काढायचा फोटो?" मी पदर आणखी पुढे ओढला. अंगणातून आक्का कडाडल्या, "फोटोबिटो काय न्हाय हं रशीद! तू तिन्हीसांज धरून काढतोस. पोटुशीनं दिवेलागणीला उंबरा वलांडायचा न्हाय!" त्यांचे फोटो पाहून सगळ्या पेठेचा तोच समज होता. मागे गडद निळं आभाळ आणि मधे बाई समईसारखी उजळलेली. मामा हसायला लागले. "आक्का, कुठली सासू सून सोडंल तिन्हीसांजंला? मी चारला काढतो, चारला. रीत न्हाय मोडायची. ऊन मोडू की."

आईचं 'फोटू तरी धाड' कानात होतं, मी हो म्हटलं. खोटं बोलतोय, म्हणत आक्का राखण करायला बरोबर आल्या, मुठीत लिंबू घेऊन. पेठ वडगावच्या बाजूला मामांच्या मित्राचा मळा होता. उसाला तुरे आले होते, चारचं ऊन नुसतं पसरलेलं. मामींनी माझा घोळ बांधावर अंथरला. फ्लॅशचा स्टँड वाऱ्यानं पडू नये म्हणून मामा त्याला पिशवीत घालून गुळाची ढेप लटकवायचे. काम झालं की त्याच ढेपेचा खडा सगळ्यांच्या तोंडात. फ्लॅशपुढे जिलेटिनचा नारंगी कागद लावलेला, तोही मामींच्या केसांच्या चापानं. मला काही कळत नव्हतं, मी श्वास धरून उभी होते. "डोळं मिट," मामा म्हणाले. "आणि श्वास घे की गं! बाळाला नको व्हय हवा?" मी मिटले. पापण्यांच्या आत तांबूस झालं, उसाची सळसळ ऐकू आली, आणि पोटात... आत कुणीतरी कूस बदलली. मी दोन्ही हात तिथं नेले. "उघड!" मामा ओरडले, आणि तेवढ्यात एक वीज चमकून गेली. असं कितीदा झालं, आठवत नाही. मिट, उघड, मिट, उघड. मी कुठल्यातरी गावाहून कुठल्यातरी गावाला तरंगत निघाल्यासारखी. शेवटी ते छाती फुगवून ओरडले, "उजाडलं! चला घरी!" आणि मी डोळे उघडले तर खरंच ऊन होतं, तसंच, चारचं. कॅमेऱ्यात मात्र निळी संध्याकाळ, उसाचे तुरे चांदीचे, आणि एक बाई पोटाकडे बघतेय, तिला कशाचीच भीती नाही. आक्कांनी फोटोवरूनच लिंबू उतरवून टाकलं. "बया! हा माणूस चेटूक करतोय."

मामांनी नंतर समजावलं होतं. कॅमेऱ्याला फसवायचं, बाहेर अंधार आहे म्हणून सांगायचं, म्हणजे ऊन मावळतं. फ्लॅशचा नारंगी उजेड त्यानं दिव्याचा समजला, की बाकी सगळं जग निळं. मग आपल्या माणसावर तेवढा उजेड टाकायचा.

धीर करून मी फोटो गावाकडे धाडला. आईचा लगेच फोन. रडत होती. "दिवे लागनीले वावरात कायले गेली वं? पयल्याचं इसरली काय?" मी सांगून दमले, तिला पटेना. फोटोत तर रात दिसते! त्या दिवशी माझं पोट दुखल्यासारखं झालं, भीतीनंच असेल. आक्कांनी मामांना बोलावलं. मामा म्हणाले, "आईची चूक न्हाय. माझा अंधारच लई बेस झालाय." दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा त्याच बांधावर, आम्हा सगळ्यांना घेऊन, आणि आईला व्हिडिओ कॉल. "रामराम ताई. हे ऊन बघा. हे घड्याळ बघा. आता ही माझी बायको." साठीच्या मामी पोटावर हात ठेवून झोकात उभ्या राहिल्या. मिट, उघड. मामांनी कॅमेऱ्याचा पडदा फोनपुढे धरला. त्यात रात्र झाली होती. आई ओरडली. "अवो माय! दिवसाढवळ्या अंधार केला या मानसानं!" मागून मामी म्हणाल्या, "अंधाराचं सोडा ताई, ह्या वयात मला पोटुशी केलं ते बघा!" आई हसली. किती महिन्यांनी हसली होती... तिनं तो माझा फोटो बाबांपुढे धरला. बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, म्हणाली. त्यानंतर माझं पोट दुखलं नाही. मी पदर मागे घ्यायला लागले.

पोरगी झाली. ती आता दुसरीत आहे. मी मामांबरोबर कामाला जायला लागले, आधी झग्यांचे घोळ अंथरायला, मग फ्लॅश धरायला. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा, तेव्हा कॅमेरा माझ्याकडे आणि 'डोळं मिट'पासून शेवटच्या 'उजाडलं'पर्यंतचं ओरडणं त्यांच्याकडे अशी वाटणी झाली. मी 'डोळे मिटा' म्हटलं तर पुढच्या बाईला ऐकूच जायचं नाही. "तुझा आवाज फ्लॅशसारखा हाय," ते म्हणायचे. "चमकतो, पण ऐकू येत न्हाय."

मामी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाहीत. परवा भेटायला गेले तेव्हा त्या आपल्याच त्या फोटोखाली बसल्या होत्या. भिंतीवरच्या निळ्या संध्याकाळीत साठीची पोटुशी बाई हसतेय, आणि खाली त्या, पांढऱ्या ओढणीत. केसांतला चाप काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "कागद पिशवीतच हाय. जयसिंगपूरची पोरगी येणार हाय न्हवं? तिचा नववा चाललाय, ती काय थांबंल? जा."

गेले. तोच मळा, तोच बांध. नवरा, सासू, सगळे आलेले. मी ढेप लटकवली, कागदाला चाप लावला. काम नीट झालं, हळू आवाजातच. शेवटचा फोटो झाला तेव्हा त्या पोरीचे डोळे मिटलेलेच होते. कुणी उघड म्हणतंय का, याची वाट बघत ती उभी होती. तिचा नवरा, सासू, सगळेच थांबलेले. ऊस सळसळत होता. मलाही कळेना की आपण कशासाठी थांबलोय... मीही तीच वाट बघत होते. मागून मामांचा आवाज येईल म्हणून.

मग मी श्वास घेतला. छातीभर.

"उजाडलं!" मी ओरडले. "चला घरी!"

उसातून बगळे उडाले. पोरीनं डोळे उघडले, आणि ऊन होतं.