मागच्या बाकावरचे तेरा रविवार

फिलोमिना गेली तेव्हा मी ओट्यावर शहाळं सोलत होतो. तोंड कडू झालंय म्हणाली होती. शेजारच्या शकूवहिनी आतून आल्या, माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि म्हणाल्या, "दाविदभाऊ, राहू द्या आता." एवढंच. सहा आठवडे झाले. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दलची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा कागद धरलाय.

मी मूळचा नगरकडचा. सन सत्तर उलटल्यावर बोईसरला कारखान्यात कामाला लागलो. पहिल्याच वर्षी मशीनच्या पट्ट्यात हात सापडला, दवाखान्यात नेलं. तिथं मलमपट्टी करायला ही. वसईकडची, काळीसावळी, तोंडाची फटकळ. मी कण्हत होतो, तर म्हणते कशी, "बोटं मोजा. पाच हायत ना? मग रडता कशाला?" त्या हाताला बरं व्हायला पंधरा दिवस पुरे होते, मी दोन महिने पट्टी बदलायला गेलो... पुढं लग्न झालं. दोघंही ख्रिस्ती, पण मी प्रॉटेस्टंट आणि ती रोमन कॅथलिक. आळीत कुणाला यातला फरक कधी कळला नाही. मासळीवाल्या बायांपासून भय्यापर्यंत आम्ही सगळ्यांना सरसकट किरिस्ताव. फरक कळत होता तो माझ्या बापाला, बापूंना.

बापूंच्या बापाला एका अमेरिकन मिशनरी साहेबानं शिकवलेलं. साहेब मोठा देवमाणूस, दुष्काळात त्यानं घरं जगवली. पण येताना तो देवाच्या वचनासोबत त्याच्या मुलखातलं भयही घेऊन आला. तिकडं म्हणे आयर्लंडातून बोटी भरभरून गरीब रोमन लोक उतरायचे आणि जुने लोक घाबरायचे, की हे फादर सांगेल त्यालाच मत देणार, शाळेतलं बायबल बंद करणार, आपलं राज्य पोपच्या हातात घालणार. नन बायांच्या मठात पोरी कोंडतात अशी आवई उठली की लोक मठ पेटवायला धावायचे. त्या गोष्टीला शंभरावर वर्षं झाली, साहेब मातीत गेला, पण बापू बोईसरच्या चाळीत बाजेवर बसून तेच सांगायचे, जणू बोट काल तारापूरला लागलीय. "रोमन माणूस पंचायतीत बसो की कारखान्यात, त्याचा कान रोमकडं," म्हणायचे. सुनेच्या हातचं तीन वेळा खायचे आणि तिच्यादेखत म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. एकदा फक्त मला बोलली, "आमचा पोप लांब हाय, रोमात. तुमचा तर बाजेवर बसलाय आनि त्याला दुपारी बोंबील लागतो."

मी हसलो होतो. पण लहानपणापासून ऐकलेलं हाडात राहतं, ते मला पुढं कळलं.

ऐंशीनंतरची गोष्ट. कारखान्यात आमचं मालकाशी भांडण पेटलं होतं. सोमवारी सकाळी गेटवर बसायचं, तयार माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं आम्ही नऊ जणांनी ठरवलं. सोमवारी बसलो तर गोदाम रिकामं. शनिवारीच सगळा माल गेलेला. कुणी फोडलं? नऊ तोंडं एकमेकांकडं बघायला लागली. मग एकाच्या डोक्यात आलं, दाविदची बायको दर शनिवारी फादरकडं पापनिवेदनाला जाते, आणि फादर नाताळला मॅनेजरकडं चहाला असतात. झालं. मला सांगितलं, भांडण मिटेस्तोवर बायकोचं ते बंद कर, नाहीतर बैठकीला येऊ नको. घरी आलो तर बापू म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

मी तिला सांगितलं. आधी तिनं थट्टेवारी नेलं. "मी तिथं माजी पापं सांगते. तुमची सांगायला बसले तर फादरना जेवायला वेळ मिळनार नाय." मी हसलो नाही. तेव्हा ती पदराला हात पुसत समोर आली. "लोकांचं सोडा. तुमाला वाटतं का, मी सांगितलं?"

मी काहीच बोललो नाही... नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द होता.

भांडण मिटेस्तोवर तीन महिने ती पापनिवेदनाला गेली नाही, आणि त्याशिवाय कम्युनियन, म्हणजे फादरच्या हातची पवित्र भाकर, घ्यायचं नाही असा तिचा नेम. रविवारी चर्च सोडलं नाही. मी तिला पोचवून दाराशी उभा राहायचो. कम्युनियनच्या वेळी बाक रिकामे व्हायचे, आणि मागच्या बाकावर ही एकटी, ताठ. जाणाऱ्या बाया वळून बघायच्या, हिनं एवढं कसलं पाप केलं असेल? तिनं कुणाला कारण सांगितलं नाही. माझं नाव येऊ दिलं नाही.

पाच वर्षांपूर्वी त्या कारखान्याचा जुना ड्रायव्हर रामाश्रय स्टेशनसमोर भेटला. चहा पिता पिता म्हणाला, "आपने ही तो बचाया था मुझे, दाविदभाई." तेव्हा मला आठवलं. गाडीवर दगड पडतील, त्याला लागेल, म्हणून मीच त्याला सोमवारी येऊ नको म्हणालो होतो. पुढचं त्यानं सांगितलं. त्यानं भोळेपणी रजा मागितली, मॅनेजरनं कारण विचारलं, त्यानं सांगून टाकलं. चहा तसाच ठेवून मी घरी आलो. ती मेथी निवडत होती. मी शेजारी बसून एक जुडी निवडली, पण सांगितलं नाही. आम्हाला शिकवलेलं, देवापुढं गुडघे टेकावे, मधे माणूस कशाला? मी रोज गुडघे टेकले. पाच वर्षं.

जायच्या आदल्या संध्याकाळी फादर येऊन गेले. नंतर मी तिच्या उशाशी बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

"कळून किती वरसं झाली?"

"पाच."

"देवाला सांगितलं?"

"रोज."

"त्याला तर आदीपासून ठावं होतं. मला नव्हतं."

मी म्हटलं, फिलू, माफ कर. ती म्हणाली, "मी बसले तसे तेरा आयतवार मागच्या बाकावर बसा. कम्युनियनला सगळी उठतील, तुमी बसून ऱ्हायचं. लोक बगतील. बगू दे."

"मग माफ?"

"तेरा झाले की बगू." आणि तोंड कडू झालंय, सकाळी शहाळं आणा, म्हणाली.

तिच्या चर्चमध्ये सहा रविवार झाले. बाक कडक आहे. सगळे उठतात तेव्हा मान आपोआप खाली जाते. तिची कशी जात नव्हती, कोण जाणे. गेल्या रविवारी शेजारची म्हातारी उठता उठता थांबली. "उटत नाय तुमी?"

म्हटलं, "मला मनाई आहे."

"कोनाची? फादरची?"

"बायकोची."

ती तोंडाला पदर लावून हसली आणि माझ्या गुडघ्यांना घासून पुढं गेली. मी बसून राहिलो. अजून सात आहेत.